लायसन आहे म्हणून चोरावर गोळी झाडता येते?
‘लायसन आहे ना, मग घरात घुसलेल्या चोराला उडवला तरी चालतं,’ असं गावोगाव छातीठोकपणे सांगितलं जातं. चालत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना बंदूक बाळगण्यापुरता. ती कधी झाडायची, हे भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं ठरवतात, आणि बंदूकवाल्याला नि काठीवाल्याला ती सारखीच. जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो, तोही गरजेपुरताच. रिकाम्या हाताने कुंपणावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर जाब तुम्हालाच द्यावा लागेल. शिवाय बंदूक कुलपात, काडतुसं दुसऱ्या कपाटात. किल्ली सापडेपर्यंत चोर काय थांबणार? निवडणूक लागली की अनेकांची बंदूक तर पोलीस ठाण्यातच जमा असते.