शेवट वेगळा, समारोप वेगळा: घरच्या आठवणींचं पुस्तक कुठे थांबवायचं

घरच्या आठवणी लिहिताना दीड-दोनशे पानं भरभर होतात आणि शेवटच्या दहा पानांशी गाडी अडते. मग बहुतेक जण एकच वाट धरतात. आजच्या दिवसापर्यंत यायचं, कोण कुठे स्थायिक झालं ते सांगायचं, गेलेल्यांना वंदन करायचं आणि खाली तारीख घालायची. पुस्तक संपल्यासारखं दिसतं, पण ते संपलेलं नसतं. त्याला समारोप मिळालेला असतो, शेवट मिळालेला नसतो. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे किती चांगली हस्तलिखितं शेवटच्या पानांवर विरून जातात, याचं फार वाईट वाटतं.

शेवट म्हणजे पुस्तकातला शेवटचा प्रसंग. तो त्या काळात, त्या घरात घडतो. माणसं बोलतात, वस्तू हलतात, क्रियापदं ‘म्हणाली’, ‘ठेवलं’, ‘निघून गेला’ अशी येतात. समारोप लिहिणारा माणूस आजच्या टेबलाशी बसलेला असतो. त्याच्या वाक्यांत ‘आज’, ‘आता’, ‘मागे वळून पाहताना’, ‘पुढे कळलं की’ हे शब्द येतात. ओळखायची सोपी खूण अशी की शेवटची चार पानं घेऊन त्यातले ‘आज’ आणि ‘आता’ पेन्सिलीने गोल करायचे. दर परिच्छेदात एक गोल पडला तर तुमच्या हातात समारोप आहे. त्याच्या आधी शेवट लिहिलाय का, ते मागे जाऊन शोधावं लागेल.

गल्लत होते त्याचं एक कारण आत्मचरित्राची सवय. आत्मचरित्राला सहसा लिहायला बसल्या दिवसापर्यंत यावं लागतं, कारण त्याचा विषय एक अख्खं आयुष्य असतो. आठवणींच्या पुस्तकाचा विषय त्याहून अरुंद असतो: एक घर, एक लग्न, एक आजारपण, दोन भावांतला अबोला. तो विषय जिथे पुरा होतो तिथे पुस्तक संपतं, मग लेखक त्यानंतर चाळीस वर्षं जगलेला का असेना.

रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. न्यायमूर्ती रानडे गेले जानेवारी १९०१ मध्ये, आणि पुस्तक तिथेच थांबतं. मधल्या वर्षांत रमाबाईंचं स्वतःचं सार्वजनिक काम उभं राहत होतं, पुण्यात सेवासदन १९०९ साली सुरू झालं होतं. ‘पुढे काय झालं’ याचं भरघोस प्रकरण त्यांच्याजवळ तयार होतं, तरी त्यांनी ते यात घातलं नाही. नावातच ‘आमच्या’ आहे आणि ते ‘आम्ही’ १९०१ मध्ये संपलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चं उलट आहे. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले, पण पुस्तक तिथे थांबत नाही, कारण टिळकांच्या बरोबरीने ते लक्ष्मीबाईंचंही आहे आणि त्या तर अजून लढत होत्या. दोन्हीकडे नवऱ्याचा मृत्यू आहे. एकीकडे तो शेवट आहे, दुसरीकडे मधला टप्पा. घटना किती मोठी यावरून शेवट ठरत नाही. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं, पु. ल. गेले २००० साली. सहजीवनाबद्दल लिहायला कुणाच्या जाण्याची वाट पाहावी लागत नाही, हेही यातून दिसतं.

आता कामाला लागू. पहिली दहा पानं पुन्हा वाचायची आणि ती वाचताना वाचकाच्या मनात कोणता प्रश्न उभा राहतो, ते एका ओळीत लिहायचं. ‘आमच्या कुटुंबाची वाटचाल’ हा प्रश्न नाही. ‘काका आमच्याशी बोलेनासे का झाले, आणि ते कधी बोलले का?’ हा प्रश्न आहे. मग वहीच्या एका पानावर सगळे उशिराचे प्रसंग साल घालून एकाखाली एक मांडायचे आणि प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: या प्रसंगानंतर त्या प्रश्नाचं काही बदललं का?

समजा, पुस्तक कोकणातल्या एका घराच्या वाटणीचं आहे आणि प्रश्न काकांच्या अबोल्याचा. उशिराचे प्रसंग असे आहेत: वाटणीचा दिवस, सातबाऱ्यावर फेरफार झाला तो दिवस, आजीचं जाणं, थोरल्या बहिणीचं लग्न, घर विकलं ते वर्ष, आणि आता सगळ्या चुलत भावंडांचा व्हॉट्सॲपवरचा ग्रुप. वाटणीचा दिवस पुस्तकाच्या सुरुवातीलाच हवा, कारण तिथून प्रश्न सुरू होतो. फेरफार हा कागद आहे, त्याने अबोला हलला नाही. आजीच्या मृत्यूवर पुष्कळ लिहिणारे थांबतात. पिंडाला कावळा शिवला, की ते पान आपोआप भरून येतं. पण ते रडू वाचकाने याआधीही पुष्कळदा वाचलेलं असतं आणि अबोल्याच्या प्रश्नाला ते शिवतही नाही. घर विकणं हा सगळ्यात फसवा उमेदवार. तो शेवटासारखा दिसतो, कारण कुलूप लागतं. पण घर विकलं तेव्हा कुणी कुणाशी भांडायला उरलं नव्हतं.

ग्रुप आजचा आहे, तो समारोपातला. राहतं लग्न. वाटणीच्या दिवशी समयांची जोडी फुटली होती, एक इकडे आणि एक तिकडे. लग्नाला जोडी हवी. तो प्रसंग असा लिहिता येईल:

‘आदल्या संध्याकाळी काकांचा मुलगा समई घेऊन आला. पायरीवर ठेवली. आईने ती उचलून आमच्या समईशेजारी ठेवली. त्यांची चिंचेने घासून लख्ख होती, आमची काळपट. दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेल्यावर त्याने आपली समई विझवली, उरलेलं तेल आमच्या समईत ओतलं, आणि ती काखेत मारून गडग्यापलीकडे गेला.’

हा शेवट आहे. प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि ते गोड करून दिलेलं नाही. जोडी एका रात्रीपुरती जुळली, बोलणं झालंच नाही, पण तेल इकडे राहिलं. यानंतर ‘आज वाटतं, नाती ही अशीच असतात’ एवढं एक वाक्य घातलं की प्रसंग मरतो. वाचकाला तेल दिसलेलं असतं, त्याला अर्थ सांगायला गेलं की तो समईवरची नजर काढून लेखकाकडे पाहायला लागतो. कच्च्या हस्तलिखितांत ही चूक सगळ्यात जास्त होते आणि दुरुस्त करायला ती सगळ्यात सोपी आहे. शेवटच्या पानाचा शेवटचा परिच्छेद तळहाताने झाकायचा आणि वरचं वाचायचं. काही हरवलं नाही तर झाकलेलं काढायचं. मग त्याच्या वरचा परिच्छेद झाकायचा. जिथे हरवल्यासारखं वाटेल तिथे थांबायचं. पहिल्या खर्ड्यात यात दोन-तीन परिच्छेद सहज गळतात, कधी अख्खं प्रकरण गळतं.

मग समारोप हवाच कशाला? कधी कधी हवा असतो. वाचकाला काही साध्या माहितीच्या शंका खरोखर उरतात: घराचं काय झालं, काका पुढे किती वर्षं होते, मूल जगलं का. ही उत्तरं शेवटच्या प्रसंगात कोंबली की प्रसंगाचं पंचांग होतं. ती वेगळ्या पानावर, तारीख-सालासकट, कोरड्या वाक्यांत द्यावीत. दोनशे पानांच्या डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या, आकाराच्या पुस्तकात, पानाला साधारण ३०० शब्द धरले, तर शेवटच्या प्रसंगाला चार ते सहा पानं पुरतात आणि समारोपाला एक, फार तर दोन. समारोप प्रसंगापेक्षा लांबला तर समजायचं की त्यात नातवंडांच्या पदव्या, परदेशातल्या नोकऱ्या आणि आभार शिरलेत.

आभारांची जागा मराठी पुस्तकात पूर्वीपासून ठरलेली आहे: मनोगत, पुढच्या बाजूला. लिहायला का घेतलं, कुणी आठवण करून दिली, कुणाची नावं बदलली, लिहिताना काय वाटलं, हे सगळं तिथे शोभतं. समारोपातली निम्मी वाक्यं उचलून मनोगतात नेली की ती तिथली असल्यासारखी बसतात, आणि गाव व तारीखही तिथेच शोभते. वंशावळ, जुनी पत्रं, फोटोंची ओळख परिशिष्टात जावी.

छपाईमुळेही एक घोळ होतो. ऑफसेट छपाईत पुस्तक साधारणपणे सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात, बसवतात. मजकूर १९४ पानांचा झाला की बारा फर्मे भरून दोन पानं वर राहतात, आणि नवा फर्मा घेतला तर त्यातली चौदा कोरी. मग छापखान्यातून निरोप येतो, आणखी काही मजकूर देता का? अशा वेळी घाईने लिहिलेला समारोप पुस्तकाच्या शेपटीला कायमचा चिकटतो. त्या पानांवर वंशावळ द्यावी, अर्धा फर्मा मागावा, नाहीतर मधल्या प्रकरणांतून दोन पानं कमी करावीत. शेवटाला हात लावू नये. डिजिटल छपाईत थोड्या प्रती काढायच्या असतील तर ही अडचण फारशी येत नाही.

हयात माणसांबद्दलही लिहायला हवं. भांडण अजून कोर्टात असेल, किंवा भाऊ अजून बोलत नसेल, तर शेवट कसा करायचा? खोटा समेट लिहू नये. घरातलं प्रत्येक माणूस तो खोटा आहे हे ओळखतं, आणि मग मागच्या दोनशे पानांवरचाही विश्वास जातो. निकालाची वाटही पाहू नये. प्रश्न थोडा अलीकडे ओढावा. ‘भावाने माफ केलं का?’ याऐवजी ‘मी त्याच्या दारापर्यंत गेले का?’ असा तो केला तर त्याचं उत्तर तुमच्या हातात आहे, आणि दाराशी पोहोचलेली बाई हा खरा शेवट होऊ शकतो. दार उघडलं का, हे सांगायचंच असेल तर समारोपात एका वाक्यात सांगता येईल. जे माणूस शेवटच्या प्रसंगात आहे त्याला ती पानं छापण्याआधी वाचायला द्यावीत. तपशिलाची चूक कळते, आणि नंतरचा मनस्ताप वाचतो.

आधी शेवट लिहावा, समारोप नंतर, आणि मध्ये निदान तीन आठवडे जाऊ द्यावेत. मग शेवटची सहा पानं घरातल्या नसलेल्या एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवावीत, समारोप न वाचता. वाचून झाल्यावर आपण काही बोलायचं नाही. ऐकणारा विचारेल, “मग त्या घराचं काय झालं?” याचं तुम्ही तोंडी जे उत्तर द्याल ते तसंच्या तसं उतरवून घ्या, तो तुमचा समारोप. आणि काही न विचारता तो आपल्याच घरातल्या समयांबद्दल बोलायला लागला, तर समारोपाचं पान काढून टाका.