गब्रीएल माणसांवर का उठला? ‘द प्रॉफेसी’मागची देवदूतांची युद्धे

ग्रेगरी वायडनने लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या ‘द प्रॉफेसी’त (1995) स्वर्गात दुसरे युद्ध पेटले आहे. पहिले बंड सैतानाचे होते, हे गब्रीएल या प्रमुख देवदूताचे. देवाने मातीच्या माणसाला आत्मा देऊन देवदूतांच्या वर बसवले, हे त्याला सोसवत नाही. लढाई अडून बसली आहे, म्हणून कोरियन युद्धात क्रौर्य केलेल्या, नुकत्याच मेलेल्या एका कर्नलचा काळाकुट्ट आत्मा मिळवायला तो ॲरिझोनात उतरतो. या युद्धाचे भाकीत चित्रपटात बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाच्या, ‘प्रकटीकरणा’च्या, 23व्या अध्यायात सापडते. खऱ्या बायबलात ‘प्रकटीकरण’ 22 अध्यायांतच संपते. तो अध्याय रचलेला आहे. बाकी बहुतेक सामान मात्र फार जुने आहे.

बायबलात स्वर्गातले युद्ध जेमतेम तीन ओव्यांएवढे: मीखाएल हा देवदूत व त्याचे दूत अजगराशी, म्हणजे सैतानाशी, लढतात आणि अजगर पृथ्वीवर टाकला जातो (प्रकटीकरण 12:7-9). सैतानाचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘लूसिफर’ हे नाव तिथे नाही. ते बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायातून येते आणि तिथला मजकूर बाबेलच्या राजाला उद्देशून आहे. त्याला पहाटेच्या ताऱ्याची उपमा दिली आहे. लॅटिन भाषांतरात त्या ताऱ्यासाठी ‘लूसिफर’ हा शब्द आला आणि पुढच्या भाष्यकारांनी राजाच्या जागी सैतान पाहिला. दोन वेगळे उतारे असे एकत्र शिवले गेल्यामुळेच ‘बायबलात लूसिफरच्या बंडाची सविस्तर कथा आहे’ हा गैरसमज टिकून आहे.

पृथ्वीवर उतरलेल्या देवदूतांची भीती मात्र दुसऱ्याच ग्रंथातली आहे. ‘उत्पत्ती’च्या 6व्या अध्यायात देवपुत्र मानवकन्यांशी लग्न करतात, एवढाच त्रोटक उल्लेख आहे. हनोखाचे पुस्तक या प्राचीन ज्यू ग्रंथात त्याची सबंध कथा होते: 200 देवदूत हर्मोन डोंगरावर शपथ घेऊन उतरतात, अजाजेल माणसांना तलवारी आणि ढाली घडवायला शिकवतो, देवदूतांना मानवकन्यांपासून झालेली राक्षसी संतती आधी पिके संपवते आणि मग माणसे खाऊ लागते. शिक्षाही तपशीलवार आहे. राफाएल अजाजेलाचे हातपाय बांधून त्याला वाळवंटातल्या खड्ड्यात टाकतो, तर गब्रीएलवर त्या संततीला आपापसांत लढवून संपवण्याचे काम येते. युद्ध लावून देणारा गब्रीएल इथे आधीच उभा आहे! हा ग्रंथ इथिओपियाच्या चर्चने पवित्र मानून गेझ या तिथल्या प्राचीन भाषेत सबंध जपला. त्याचे अरामी तुकडे पुढे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत मिळाले.

मत्सराचे कारणही बायबलबाहेरचे. ‘आदाम आणि हव्वेचे चरित्र’ या प्राचीन ग्रंथाच्या लॅटिन पाठात मीखाएल सैतानाला आदामापुढे वाकायला सांगतो. तो नकार देतो, कारण आदाम त्याच्यानंतर निर्माण झालेला. कुराणात इब्लीसचे, म्हणजे तिथल्या सैतानाचे, उत्तर तसेच आहे: मी अग्नीपासून, तो मातीपासून (7:12). मात्र कुराण इब्लीसला जिन्नांपैकी म्हणते (18:50), हा फरक विसरू नये. वायडनने हा नकार सैतानाकडून काढून गब्रीएलच्या तोंडी घातला. माझ्या मते चित्रपटातली सर्वांत धाडसी चाल हीच. मरीयेला शुभवार्ता सांगणारा दूतच शत्रू झाला की माणसाला दाद मागायला जागा उरत नाही. त्यासाठी क्रूरता नव्याने शोधावी लागली नाही, कारण अश्शूरच्या छावणीत एका रात्रीत 1,85,000 माणसे मारणारा परमेश्वराचा दूतच होता (2 राजे 19:35).

पडद्यावर अशा युद्धाची खरी अडचण मरणाची. इंग्रज कवी मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यात (1667) तीन दिवस लढाई चालते, दुसऱ्या दिवशी बंडखोर तोफाही आणतात, पण मीखाएलच्या तलवारीने झालेली सैतानाची जखम लगेच भरून येते. महाकाव्यात ते शोभते. भयपटात मात्र कोणीच मरत नसेल तर धोकाच उरत नाही. म्हणून वायडनने एक कठोर नियम घातला: देवदूत मरतो तो हृदय उपटल्यावरच. त्याचे देवदूत पक्ष्यांसारखे खुर्चीच्या पाठीवर उकिडवे बसतात, झटापटीत गाडीने चिरडले जातात, त्यांच्या प्रेताचे शवविच्छेदन होते. शेवटी गब्रीएलचे हृदय उपटतो तो सैतान. गब्रीएल जिंकला तर स्वर्गाचाच दुसरा नरक होईल, आणि आपल्या नरकाला जोडीदार त्याला नको आहे.