विमानातील प्रवासी-शिष्टाचार आणि स्वच्छता

विमानातील प्रवासी-शिष्टाचार आणि स्वच्छता : प्रवासी विमानात बसलेल्यांनी सहप्रवासी, विमान-कर्मचारी आणि विमानातली जागा, हवा व पाणी यांच्या बाबतीत कसे वागावे, याविषयीचे संकेत व नियम. यातला थोडा भाग कायद्याने बांधलेला आहे, बाकीचा रूढीने चालतो. असे संकेत प्रत्येक वाहनात असतात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा लोक मान्य करतात, मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देतात. विमानातले बरेचसे संकेत मात्र यंत्ररचनेतून आले आहेत. बंद नळकांडे, कमी दाब, कोरडी हवा, मोजके पाणी आणि मध्येच उतरून जाण्याची सोय नसणे, एवढे ध्यानात घेतले की ते आपोआप उलगडत जातात.

हवा आणि दाब

जेट विमान साधारण ३५,००० फुटांवरून उडत असले तरी आतला दाब ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे. म्हणजे खिडकीशी डुलक्या घेणारा प्रवासीही कळसूबाईहून उंचावर बसलेला असतो. ८,००० फुटांच्या दाबाला वायूचे आकारमान सुमारे तिसऱ्या हिश्शाने वाढते. चिप्सचे पाकीट फुगते, तसेच पोटही. अपानवायूचा प्रश्न त्यामुळे विमानात खरोखरच मोठा होतो आणि त्यावर डॉक्टरांच्या एका गटाने २०१३ मध्ये न्यूझीलंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लेखही लिहिला. वायू दाबून ठेवण्यापेक्षा सोडून दिलेला बरा, असा त्यांचा सल्ला होता. विमान कंपन्यांनी आसनांत कोळशाचा वापर करून वास शोषून घ्यावा असेही त्यांनी सुचवले. आसने अजून तशी झालेली नाहीत. तोवर आदल्या रात्री वालाची उसळ आणि मुळा टाळणे प्रवाशाच्याच हाती आहे.

उतरताना दाब पुन्हा वाढतो आणि कानाला दडे बसतात. मोठी माणसे आवंढा गिळतात, जांभई देतात, गोळी चघळतात. पूर्वी विमान सुटण्याआधी गोळ्यांचा ट्रे फिरवला जाई तो याचसाठी. तान्ह्या मुलाला यातले काही मुद्दाम करता येत नाही. विमान खाली येऊ लागले की चार-पाच मुले एकदम सूर धरतात, त्याचे कारण बहुधा कानात असते. अशा वेळी आईने मुलाला अंगावर किंवा बाटलीने पाजणे हा उपाय आहे आणि मागे वळून तिच्याकडे रोखून न पाहणे हा शिष्टाचार.

विमानातली हवा कोंदट आणि रोगट असते हा समज बराचसा चुकीचा आहे. आत येणारी हवा साधारण निम्मी बाहेरची आणि निम्मी गाळून पुन्हा वापरलेली असते. त्यासाठी बसवलेल्या हेपा गाळण्या ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतात. तासाभरात २० ते ३० वेळा हवा बदलते. शिवाय ती छताकडून पायांकडे वाहते, पुढून मागे फारशी जात नाही. तरीही गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी शेजाऱ्याची शिंक शेजाऱ्यापर्यंत पोहोचतेच. १५ मार्च २००३ रोजी हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या एअर चायनाच्या विमानात सार्स या श्वसनरोगाचा एक रुग्ण होता. त्याच्यापासून सुमारे २० जणांना लागण झाल्याचे पुढे आढळले आणि त्यांतले काही त्याच्यापासून कित्येक ओळी दूर बसलेले होते. सर्दी-खोकला असताना मास्क लावण्याचा संकेत पूर्व आशियात त्यानंतर अधिकच पक्का झाला. आपल्याकडे तो कोविडबरोबर आला आणि बराचसा कोविडबरोबर गेलाही.

हवेतली आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली असते. नाक सुकते, ओठ फुटतात आणि जिभेला मीठ-साखर कमी जाणवते. विमानातले जेवण बेचव लागते त्याचा सगळा दोष आचाऱ्याचा नसतो.

पृष्ठभाग

समोरचे पाडते टेबल, पट्ट्याचे बक्कल, हाताची दांडी आणि आसनामागचा खिसा ही सर्वांत जास्त हाताळली जाणारी ठिकाणे. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू खिशाच्या कापडावर आठवडाभर जिवंत राहू शकतो. खिशाचे वाटोळे करणारे प्रवासीच असतात. संत्र्याची साले, नाक पुसलेले कागद, कधी मुलाचे वापरलेले डायपरसुद्धा तिथे कोंबले जाते. स्वस्त दराच्या कंपन्यांचे विमान अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडते; एवढ्या वेळात केर गोळा होतो, प्रत्येक खिसा धुतला जात नाही. कर्मचारी उतरण्याआधी पिशवी घेऊन फेरी मारतात तेव्हा कचरा त्यांच्या पिशवीत टाकावा, त्यांच्या हातात ठेवू नये. उलटीची कागदी पिशवी मात्र खिशातच असते आणि तिचा वापर करण्यात लाज वाटायचे कारण नाही.

शौचालय

या विषयातला सर्वांत अवघड भाग हाच, आणि भारतीय प्रवाशासाठी तर फारच. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात १८० च्या आसपास माणसे आणि साधारण तीन शौचालये असतात. छोट्या शहरांना जोडणाऱ्या एटीआर-७२ मध्ये सत्तरेक माणसांसाठी बहुधा एकच, तेही शेपटाकडे. जेवणाची गाडी मधल्या वाटेत अडकली की रांग गाडीच्या दोन्ही बाजूंना वाढत जाते.

दार मधोमध दुमडते. ओढणारा पहिलटकर प्रवासी तिथेच अडतो. आत गेल्यावर कडी पूर्ण सरकवली की दिवा लख्ख लागतो. अंधूक उजेडात चाचपडणाऱ्याने कडी लावलेली नसते, हे बाहेरच्याला दार उघडल्यावर कळते. दाराशी राखदाणी दिसते आणि शेजारीच धूम्रपानबंदीची पाटी. यात विसंगती नाही. ११ जुलै १९७३ रोजी पॅरिसजवळ ब्राझीलच्या व्हारिग कंपनीच्या विमानाच्या शौचालयात आग लागली आणि १२३ माणसे मृत्युमुखी पडली; पेटलेली सिगारेट कचऱ्याच्या डब्यात टाकली गेली असावी असा निष्कर्ष निघाला. बंदी मोडणारा कोणी निघालाच, तर थोटूक कागदांच्या डब्यात तरी पडू नये, म्हणून राखदाणी ठेवणे सक्तीचे आहे.

पूर्वीच्या विमानांत निळे रासायनिक पाणी पुन्हा पुन्हा फिरवले जाई. १९८० च्या दशकापासून निर्वात शौचालये आली. यात घोटभर पाणी लागते आणि आतल्या-बाहेरच्या दाबातल्या फरकामुळे मैला नळीतून टाकीत ओढला जातो. बटण दाबल्यावर होणारा तो दचकवणारा आवाज याच ओढीचा. टाकी जमिनीवर, बाहेरच्या बाजूची झडप उघडून रिकामी करतात; वैमानिकाला ती वरून उघडता येत नाही. हात धुतलेले पाणी मात्र तापवलेल्या नळीतून बाहेर आकाशात सोडले जाते. विमानातून घरावर मैला पडल्याची तक्रार दिल्लीतल्या एका निवृत्त सेनाधिकाऱ्याने केली होती. त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये असे घडल्यास कंपनीला ५०,००० रुपये भरावे लागतील असे सांगितले. आकाशातून पडते ते बहुधा झडपेशी झिरपून गोठलेले आणि खाली येता येता वितळलेले असते.

निर्वात नळीला कागद चालतो, कापड चालत नाही. मार्च २०२५ मध्ये शिकागोहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान बरीच शौचालये तुंबल्याने वाटेतूनच परत फिरले. नळ्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे सापडल्याचे कंपनीने सांगितले. यावर प्रवाशांच्या अडाणीपणाची थट्टा खूप झाली. पण चौदा-पंधरा तासांचा प्रवास, सोबतीला नातवंडांना भेटून परतणारे म्हातारे आई-वडील आणि पाण्याची सवय असलेल्यापुढे ठेवलेली कोरडी कागदाची गुंडाळी, हेही चित्र पाहिले पाहिजे. जपानी कंपन्यांनी काही बोइंग ७८७ विमानांत पाण्याच्या फवाऱ्याची आसने बसवली. भारतीय प्रवासी अजून रिकामी बाटली किंवा कागदी पेला बेसिनच्या नळाखाली धरून काम भागवतो. त्यात चूक काही नाही. चूक होते ती नंतर. जमीन ओली राहते, पुढचा माणूस पायमोज्यांनी आत येतो आणि ओले काय आहे याचा विचार करत बाहेर पडतो. पाणी फरशीखाली झिरपत राहिले तर तिथल्या धातूला गंज चढतो, म्हणून देखभाल करणाऱ्यांचे शौचालयाखालच्या भागावर खास लक्ष असते. चार कागद घेऊन बैठक, बेसिन आणि जमीन पुसणे एवढे पुरते. बैठकीवर उकिडवे बसू नये; पातळ प्लॅस्टिकची बैठक त्यासाठी बनवलेली नसते. अनवाणी तर कधीच जाऊ नये.

आसन, वास आणि डबा

साध्या वर्गात आसनाची रुंदी १७-१८ इंच आणि दोन ओळींतले अंतर २८ ते ३१ इंच. एवढ्या जागेत सीमावाद होणारच. खिडकीवाल्याला भिंत आणि काचेची झडप, वाटेवरच्याला पाय पसरायला थोडी मोकळीक, मधल्याला दोन्ही हातदांड्या, ही वाटणी कुठल्या नियमात लिहिलेली नाही, पण न्याय्य आहे. आसन मागे रेलण्याचा हक्क पुढच्याचा. जेवणाच्या वेळी ते सरळ करण्याचे कर्तव्यही त्याचेच. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला जाणाऱ्या विमानात एकाने पुढचे आसन रेलूच नये म्हणून यंत्र अडकवले, पुढचीने त्याच्यावर पाणी फेकले आणि विमान शिकागोला उतरवावे लागले.

बूट काढले तरी मोजे काढू नयेत. पुढच्याच्या हातदांडीवर मागून पाय ठेवणाऱ्यांची छायाचित्रे जगभर फिरतात. तो प्रकार कुठल्याही एका देशाचा नाही. अत्तर हाही वासच, हे मात्र लोक विसरतात. भारतात स्वस्त विमानसेवा २००३ पासून रुजली, जेवण विकत झाले आणि घरचा डबा विमानात आला. पोळी-भाजी, दशम्या, गूळपोळी कुणाला खुपत नाहीत. लसणीची चटणी उघडली की सहा ओळींना कळते. कोकणातून परतताना सुके बोंबील घट्ट बांधून मोठ्या सामानात द्यावेत. सुके खोबरे मात्र तिथेही चालत नाही; त्यातल्या तेलामुळे ते ज्वालाग्राही धरले जाते.

कर्मचारी आणि कायदा

पहिली हवाईसुंदरी एलन चर्च १९३० मध्ये अमेरिकेत कामाला लागली. ती प्रशिक्षित परिचारिका होती. आजही कर्मचाऱ्यांचे मुख्य काम सुरक्षेचे असते, चहा त्यानंतर. टिचकी वाजवणे आणि बाही ओढणे वर्ज्य. डोक्यावरचे बटण त्यासाठीच आहे. ‘ताई, पाणी मिळेल का?’ हे पुणे-नागपूर विमानात सहज चालून जाते.

उडत्या विमानातल्या गुन्ह्यांसाठी १९६३ चा टोकियो करार आहे. भारतातल्या आजच्या नियमांमागे मात्र एक मराठी प्रकरण आहे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला पोहोचल्यावर बिझनेस वर्गाच्या आसनावरून वाद झाला. आपण एअर इंडियाच्या अधिकाऱ्याला चपलेने मारल्याचे त्यांनी स्वतःच वृत्तवाहिन्यांना सांगितले. कंपन्यांनी त्यांना तिकीट देणे बंद केले आणि मंत्र्यांकडे खेद कळवल्यावर एप्रिलमध्ये बंदी उठली. त्याच सप्टेंबरमध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने गैरवर्तनाच्या तीन पायऱ्या ठरवल्या : शिवीगाळ वा धिंगाण्याला ३ महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीला वा अंगचटीला येण्याला ६ महिन्यांपर्यंत आणि जीव धोक्यात घालणाऱ्या कृत्याला किमान २ वर्षे उड्डाणबंदी. निर्णय निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ३० दिवसांत द्यावा, असेही तेव्हा ठरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात नशेतल्या प्रवाशाने एका वृद्धेवर लघवी केल्याची तक्रार झाली. प्रकरण नीट न हाताळल्याबद्दल एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. देशांतर्गत विमानांत दारू दिली जात नाही. आंतरराष्ट्रीय विमानातही स्वतःची बाटली उघडणे मना आहे.

कोविडचे दिवस

२५ मार्च २०२० ला थांबलेली देशांतर्गत विमाने २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मास्क सक्तीचा झाला, जेवण बंद झाले आणि जूनच्या सुरुवातीला मधल्या आसनावरच्याला अंगभर झगा देण्याचा आदेश निघाला. मधले आसन भरावे की नाही हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने जूनमध्ये ते भरायला परवानगी दिली. मास्कची सक्ती नोव्हेंबर २०२२ पर्यंत टिकली.

उतरताना

चाके टेकतात, पट्टे सुटल्याचे खटाखट आवाज होतात, सूचना संपायच्या आत निम्मे विमान उभे असते. वरचे कप्पे उघडतात, खिडकीवाले मान वाकडी करून कप्प्याखाली अडकतात आणि दार उघडायला अजून दहा मिनिटे असतात. ही सवय सार्वत्रिक आहे. तुर्कस्तानने २०२५ मध्ये विमान थांबण्याआधी उठणाऱ्यांना दंड करायचे ठरवले. पुढच्या ओळी आधी रिकाम्या होऊ देणे हा साधा संकेत. जोडविमान पकडायचे असलेल्याने तसे सांगावे, लोक वाट देतात.

बॅगेचा मोह एरवी फक्त वेळ खातो. संकटात त्याचा हिशेब वेगळा होतो : पूर्ण भरलेले विमान निम्म्या दारांतून ९० सेकंदांत रिकामे होते, हे निर्मात्याला सिद्ध करून दाखवावे लागते आणि त्या चाचणीत कोणी बॅग काढत बसत नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून जपान एअरलाइन्सचे विमान पेटले. आतली ३७९ माणसे सामान जागेवर सोडून घसरगुंड्यांवरून खाली आली आणि सगळी वाचली.