वकील (नागपूरकर भोसल्यांचे)

परदरबारी धन्याची बाजू मांडणारा, तेथील बातमी कळविणारा आणि मुखत्यारी असल्यास तह ठरविणारा व्यावसायिक मुत्सद्दी. वऱ्हाडच्या ग्रामीण भागातील देवगाव व अंजनगाव सुर्जी येथे 1803 मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहांत या पेशाची खरी कसोटी लागली.

पेशाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. कौटिल्याने अधिकारानुसार दूतांचे निसृष्टार्थ (पूर्ण मुखत्यार), परिमितार्थ (मर्यादित अधिकाराचा) व शासनहर (केवळ पत्र पोहोचविणारा) असे तीन प्रकार केले असून मराठी वकिलाचे मूळ काही जण तेथे शोधतात. पूर्ण मुखत्यार वकील आणि केवळ खलिता पोहोचविणारा यांतील भेद त्याच्याशी जुळतो. तथापि अखबार (दरबारी बातमीपत्रे), खिलत (मानाचा पोशाख), फार्सी पत्रव्यवहार हा सारा रिवाज मोगल दरबाराचा आहे. त्यामुळे मोगल परंपरेचे मत अधिक ग्राह्य वाटते.

वकिलीसाठी स्वतंत्र पाठशाळा नव्हती. घरी आणि दफ्तरात मोडी, जमाखर्च व पत्रांचे मायने शिकायचे, फार्सीसाठी मुनशी गाठायचा आणि कारकुनीतून वर चढायचे, असा साधारण क्रम असे. भोसल्यांचा वकील म्हणून कलकत्त्यास गेलेल्या बेनीराम पंडिताने 1781 च्या बनारसच्या उठावात गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला मदत केली व ईस्ट इंडिया कंपनीकडून जहागीर मिळविली. वकिलाची निष्ठा कोणाकडे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील अडगावची लढाई (29 नोव्हेंबर) व गाविलगडाचा पाडाव (15 डिसेंबर) यांनंतर 17 डिसेंबर 1803 रोजी देवगाव येथे दुसऱ्या रघूजी भोसल्यांतर्फे यशवंतराव रामचंद्र या वकिलाने इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी तह केला. कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. मात्र गाविलगड, नरनाळा आणि लगतचा चार लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश भोसल्यांकडे राहिला. गाविलगड नुकताच शत्रूच्या हाती पडलेला असताना हे साधले, म्हणून या वकिलाचे श्रेय कमी लेखू नये. खरा घात दहाव्या कलमात होता. कंपनीने भोसल्यांच्या मांडलिकांशी परस्पर केलेले करार या कलमाने मान्य झाले, पण त्यांच्या याद्या सहीच्या वेळी जोडलेल्या नव्हत्या. एल्फिन्स्टन रेसिडेंट (कंपनीचा दरबारातील प्रतिनिधी) होऊन नागपुरास आल्यावर संबळपूर व पाटणा (ओडिशातील) हेही त्यांत असल्याचे दरबारास उमगले. 1806 मध्ये ते परत मिळाले.

याच युद्धातील शिंद्यांचा तह 30 डिसेंबरला अंजनगाव सुर्जी येथे झाला.

देवगावच्या तहाने भोसले व कंपनी यांनी एकमेकांच्या दरबारी कायम प्रतिनिधी ठेवण्याचे ठरले. व्यवहारात नागपूरच्या रेसिडेंटाचे वजन वाढत गेले. मे 1816 च्या तैनाती फौजेच्या तहानंतर कंपनीला वगळून इतर दरबारांशी बोलणी करण्याचा अधिकार भोसल्यांना उरला नाही.