जुन्या फोर बाय फोरचे पुढचे व्हील बेअरिंग बदलणे

जुनी विलीज जीप, टोयोटा लँड क्रूझर, निसान पेट्रोल अशा सॉलिड अ‍ॅक्सलवाल्या (दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असलेल्या) फोर बाय फोर गाड्यांच्या पुढच्या प्रत्येक हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागात, दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरांची) बेअरिंग असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या, निमुळती तोंडं एकमेकांकडे केलेली. या प्रकारच्या बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकन यांच्या नावावर १८९८ साली झालं. नव्या बऱ्याच गाड्यांत सीलबंद युनिट येतं, ते गेलं की अख्खं बदलायचं. जुन्यात मात्र सगळं खोलता येतं, धुता येतं, ग्रीस भरून परत आवळता येतं, आणि बेअरिंगचं आयुष्य बरंचसं त्या आवळण्यावरच ठरतं.

बेअरिंग गेलं की चाकातून घूं घूं आवाज येतो आणि वळणावर तो कमीजास्त होतो. जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवलं की प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो, पण तो किंगपिनचाही (चाक डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचाही) असू शकतो, म्हणून कोणालातरी ब्रेक दाबायला सांगायचं, प्ले गायब झाला तर बेअरिंगच. मोठा शत्रू पाणी. गरम हब ओढ्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून (ग्रीस आत अडवणाऱ्या रबरी कडीतून) पाणी आत ओढलं जातं, मग ग्रीस दुधाळ होतं आणि रोलरवर गंज धरतो.

खोलताना मागच्या चाकांना ठोकळे आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड हवेतच, नुसत्या जॅकच्या भरवशावर हब ओढायचा नाही. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) तारेने वर बांधून ठेवायचा, ब्रेकच्या नळीला लटकता कामा नये. मग या क्रमाने काढायचं: लॉकिंग हब किंवा ड्राइव्ह फ्लँज (अ‍ॅक्सलचा दांडा हबला जोडणारा बाहेरचा भाग), सर्कलिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी), बाहेरचा लॉकनट, लॉक वॉशर, आतला अ‍ॅडजस्टिंग नट. लँड क्रूझरच्या नटाला ५४ मिमीचा सॉकेट लागतो, तो नसला की लोक छिन्नी-हातोड्याने नट फिरवतात आणि नटाच्या कडा खाऊन टाकतात, हे बघवत नाही.

कप, म्हणजे बाहेरची रेस, हबमध्ये घट्ट बसलेली असते, ती पितळी पंचाने आळीपाळीने दोन्हीकडून ठोकत काढायची. बेअरिंग नवं आणि कप जुना असला प्रकार करू नये, दोन्ही जोडीनेच बदलतात. नवा कप पूर्ण टेकला की ठोकण्याचा आवाज बदलून भरीव येतो. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातावर घेऊन रुंद बाजूने दाबत दाबत भरायचं, रोलरमधून पलीकडे बाहेर येईपर्यंत. जुनं ग्रीस पूर्ण धुवायचं, कारण दोन जातींची ग्रीस एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहतात. वाळवताना कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची काहींना फार हौस असते, ते टाळावं, बिनग्रीसचे रोलर घासतात आणि रोलर धरून ठेवणारा पिंजरा तुटला तर ते उडू शकतात. ऑइल सील दर वेळी नवं.

आता खरं काम. आतला नट आधी जरा जोरात आवळायचा, त्याच वेळी हब दोन्हीकडे फिरवत राहायचं म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट पूर्ण ढिला करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) परत आवळायचा. हा आकडा गाडीगणिक वेगळा असतो, एकीचा दुसरीला लावू नये. काही मॅन्युअल हब स्प्रिंग बॅलन्सने (ओढण्याचा जोर मोजणाऱ्या स्प्रिंगच्या काट्याने) ओढून फिरायला किती जोर लागतो ते बघायला सांगतात. जास्त घट्ट झालं तर बेअरिंग तापून निळं पडतं, सैल राहिलं तर चाक डुगडुगतं आणि डिस्क हलून ब्रेक पॅड मागे ढकलले जातात, मग पहिल्यांदा पेडल खोल जातं. लॉकनट आवळला की आतली सेटिंगही थोडी घट्ट होते, म्हणून तपासणी लॉकनटनंतर परत करायची आणि मगच वॉशरचे कान नटावर वाकवायचे.

थोडं अंतर चालवून हबला जपून हात लावून बघतात: दोन्ही बाजू सारख्याच कोमट हव्यात. एकच बाजू चटका देत असेल तर आधी तिकडचा ब्रेक धरून राहिलाय का ते बघायचं, तो मोकळा असेल तर नट परत खोलावा लागतो.