गाडी ‘लिफ्ट’ केल्याने डिफरन्शियल उंच होत नाही

जुन्या बोलेरोच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे बसवून ती ‘लिफ्ट’ केली, की खडकाळ वाटेवर खालून काहीच लागत नाही, असे नाशिकमध्ये हौशी चालक एकमेकांना वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. हा समज चुकीचा आहे.

बोलेरोचा मागचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस, अखंड असून तो थेट चाकांवर टेकलेला असतो. ठोकळ्यांमुळे चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जाते, परंतु ॲक्सलच्या मध्यभागचा डिफरन्शियलचा (इंजिनची शक्ती दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा जिथल्या तिथेच राहतो, आणि त्र्यंबकेश्वर-इगतपुरी परिसरातल्या बेसॉल्टच्या धोंड्यांवर बहुधा तोच आधी आदळतो. त्याची उंची वाढते ती मोठ्या टायरमुळे, तीही वाढलेल्या व्यासाच्या निम्मीच: 215/75 आर15 ऐवजी 235/75 आर15 टायर घातल्यास व्यास 30 मिमी वाढतो, डिफरन्शियल मात्र 15 मिमीच उचलले जाते.

लिफ्ट निरुपयोगी नाही. चढाच्या तोंडाशी बंपर घासणे आणि उंचवट्यावर पोट टेकणे तिने कमी होते. मात्र गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी उलटण्याचा धोका वाढतो, मागच्या ॲक्सलला शक्ती पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलून त्याचे क्रॉस (सांधे) लवकर झिजू शकतात आणि ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) ताणला जातो. तो होज न तपासता अशी गाडी घाटात नेणे मला अक्षम्य वाटते. शिवाय मूळ रचनेतील बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधने आहेत.

त्यापेक्षा आधी चांगले टायर आणि शाबूत शॉकॲब्सॉर्बर यांवर खर्च करावा, आणि मोठा दगड दोन चाकांच्या मधून नेण्याऐवजी त्यावर सावकाश चाक चढवावे.