फुकटचा ‘जी’: गिटारच्या अँपमधली गुणगुण येते कुठून?

इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्याला विजेच्या जोडणीबरोबर एक सूर फुकट मिळतो. अँप चालू करा, व्हॉल्यूम वाढवा आणि तारांना हातही लावू नका. स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ सुरूच. नीट ऐकलं तर त्या घुंईला चक्क सूर असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि घुंईत तिची दुप्पट ठळक ऐकू येते: १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० कंपनं. गिटारच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर जो ‘जी’ लागतो, तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एखाद्या खोलीत घुमणारी गुणगुण ‘जी’च असते, फक्त अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी चढलेली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिथली गुणगुण ‘बी फ्लॅट’ आणि ‘बी’ यांच्या बरोब्बर मधोमध लोंबकळते, कुठल्याच पट्टीत बसत नाही. आपण त्या मानाने नशीबवान. अर्थात गाणं ‘जी’मध्ये असलं की हा किंचित चढा सोबती जास्तच खुपतो.

हा त्रास घालवायचा म्हणून बहुतेक जण आधी नॉइज गेटचं पेडल, म्हणजे वादक थांबला की आवाजाची वाट बंद करणारी पायाजवळची डबी, विकत आणतात. माझ्या मते ते सगळ्यात शेवटी आणायचं. ‘अँप आवाज करतोय’ या एका तक्रारीत निरनिराळ्या कारणांचे निरनिराळे आवाज मिसळलेले असतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. बरेचसे आवाज मात्र नुसत्या कानाने वेगळे ओळखता येतात.

सुरुवात पिकअपपासून. गिटारच्या तारांखाली बसून त्यांचा सूर टिपणारा पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली तार, एवढंच. शिवाजी उद्यमनगरात मोटर भरून देणाऱ्या कारागिराच्या हातात ती दिली, तर तो क्षणात ओळखेल. हसेल फक्त तारेची जाडी बघून. इनॅमलचा मुलामा असलेली तांब्याची तार, जेमतेम ०.०६ मिलिमीटरची, आणि तिचे सात-आठ हजार वेढे. वर ताणलेली स्टीलची तार थरथरली की चुंबकक्षेत्र बदलतं, आणि मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे वेढ्यांमध्ये वीज उमटते. तार जोरात छेडली तरी ही वीज साधारण शंभरेक मिलिव्होल्टच भरते. पण वेढ्यांना भेदभाव येत नाही. तारेमुळे बदललेलं क्षेत्र आणि अँपच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र त्यांना सारखंच. भिंतीतली वायर, जुन्या ट्यूबलाइटचा लोखंडी चोक, शेजारच्या कारखान्यातलं वेल्डिंग मशिन, सगळ्यांची हजेरी पिकअप इमाने इतबारे लावतो.

ही चुंबकीय गुणगुण ओळखायची सोपी खूण आहे. गिटार गळ्यात अडकवून जागच्या जागी सावकाश गोल फिरा. एका दिशेला गुणगुण फुगते आणि साधारण काटकोनात वळल्यावर जवळजवळ नाहीशी होते. क्षेत्राच्या रेषा वेटोळ्यातून आरपार जातात तेव्हा ती जास्त, वेटोळ्याला समांतर सरकतात तेव्हा कमी. पहिला उपाय त्यामुळे पूर्ण फुकट आहे: अँपपासून चार पावलं लांब उभं राहा आणि अंगाची दिशा बदला. स्टुडिओत सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या पिकअपची गिटार रेकॉर्ड करताना वादक भिंतीकडे तोंड करून का बसलेला असतो, याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

पक्का उपाय गिब्सन कंपनीतले अभियंते सेथ लव्हर यांनी काढला. त्यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मंजूर झालं. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी शेजारी ठेवायची. दुसऱ्याची जोडणी पहिल्याच्या उलट करायची, म्हणजे बाहेरून आलेली गुणगुण एकात अधिक तर दुसऱ्यात उणे होते आणि बेरीज शून्याजवळ येते. पण मग तारेचा सूरही मरेल की! म्हणून चुंबकाचं तोंडही उलटं ठेवायचं. तारेच्या बाबतीत दोनदा उलट झालं, म्हणजे सुलट झालं. सूर दुप्पट आणि गुणगुण गायब. हाच तो हंबकर. मग सगळेच हंबकर का वापरत नाहीत? कारण दोन वेटोळी तारेच्या दोन जागांवरून सूर टिपतात आणि त्यात वरचे काही बारीक स्वरांश एकमेकांना खातात. सिंगल कॉइलची ती काचेसारखी धार ज्याला हवी, तो गुणगुणही सोसतो. अर्थात तीन पिकअपच्या बऱ्याच गिटारींत हल्ली मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो. पिकअप निवडायचा पाच जागांचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला की तिथेही हंबकरचीच युक्ती चालते.

आता दुसरा आवाज. हा जास्त चिरका, ‘झींऽऽ’ असा, आणि तारांना हात लावताच कमी होतो. गिटार फिरवून याला फारसा फरक पडत नाही, कारण हा चुंबकीय क्षेत्रातून नव्हे, विद्युत क्षेत्रातून येतो. लोकांचा समज असा की हात लावल्यावर आपण गिटारला ‘अर्थ’ देतो. प्रत्यक्षात घडतं उलट. खोलीतल्या वायरिंगचं विद्युत क्षेत्र आपलं शरीर गोळा करतं आणि गिटारला चिकटून उभे असल्यामुळे तिच्यात सोडतं. तारा आतून ब्रिजमार्गे अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. त्यांना हात लागला की अर्थिंग आपल्याला मिळतं आणि आपणच आडोसा होऊन जातो.

यावर इलाज शिल्डिंगचा: पिकअप आणि नॉबखालच्या पोकळीला आतून तांब्याची चिकटपट्टी किंवा ग्रॅफाइटचा वाहक रंग लावायचा, प्रत्येक तुकडा शेजारच्याला विजेने जोडलेला आहे ना हे मल्टिमीटरवर पाहायचं आणि एक वायर अर्थला डाकवायची. काम किचकट नाही, वेळखाऊ आहे. पण तांब्याची पट्टी लावून सिंगल कॉइलची चुंबकीय गुणगुण जाईल ही आशा सोडा. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तांब्यात शिरल्यावर एक तृतीयांशाच्या जरा वर उरायलाच ९ मिलिमीटर जाडी लागते. चिकटपट्टी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढीही नसते. शिल्डिंग करूनही ‘काहीच फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुधा चुकीच्या आवाजावर बरोबर औषध लावलेलं असतं.

या चिरक्या आवाजाचा घरातला मुख्य सूत्रधार मला विचाराल तर पंख्याचा रेग्युलेटर. राजारामपुरीतल्या एका सरावाच्या खोलीत पोरं केबल बदलून, पेडल काढून घामाघूम झालेली. कोणीतरी म्हणालं, “भावा, पंखा तरी बारीक कर.” दुसऱ्याने तीनवरचा नॉब वैतागून पाचला नेला आणि झींऽऽ एकदम पडली. “आयला, गेलं की रं!” गोल फिरणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये ट्रायॅक नावाचा स्विच असतो. तो विजेच्या लाटेचा प्रत्येक अर्धा भाग मध्येच तोडून उरलेला तेवढा पंख्याला देतो, सेकंदाला १०० वेळा. लाट माथ्यावर असताना तोडली तर उडी सर्वांत मोठी, म्हणून नॉब मधोमध असताना कल्लोळ जास्त आणि पूर्ण वेगाला कमी. अशा तीव्र उडीत कित्येक हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज भरलेले असतात आणि घरभरची वायर त्यांची एरियल होते. टकटक करत पायऱ्यांनी फिरणाऱ्या रेग्युलेटरमध्ये कपॅसिटर असतात, लाट तोडली जात नाही. तो बसवला की प्रश्न मिटतो. नाट्यगृहातले दिव्यांचे जुने डिमर याच कुळातले. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गिटार जास्त भुणभुणते तेही यामुळेच: साध्या इन्व्हर्टरची लाट गोलाईची नसून चौकोनी असते.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एक करून पाहावं, चार्जर काढावा. आवाज गेला तर दोष चार्जरचा. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं आणि आतल्या एका छोट्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपचा धातूचा भाग शंभरेक व्होल्टवर तरंगत राहतो. करंट नगण्य, पण गिटारच्या तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात त्या यानेच.

आणि मग येतो तो दणकट, खालचा ‘हूंऽऽ’, जो गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हटत नाही. हा ग्राउंड लूप. अँप एका भिंतीवरच्या सॉकेटमध्ये, पेडलबोर्डचा अडॅप्टर किंवा मिक्सर दुसऱ्या भिंतीवर. दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने जातं आणि गिटारच्या केबलमधल्या बाहेरच्या तारेच्या जाळीने ती दोन टोकं पुन्हा जुळतात. एक मोठं कडं तयार होतं. त्या कड्यात शिरलेला करंट केबलच्या जाळीतून, म्हणजे थेट सिग्नलच्या वाटेवरून फिरतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा काम होतं. भार पेलेल का ही भीती नको. ६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे १३८० वॅट मिळतात, सरावाच्या खोलीतला गिटारचा सरंजाम त्यात आरामात बसतो. तरी उरलंच तर सिग्नलच्या वाटेत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स लावा. यातून सूर पुढे जातो, पण अर्थिंगचं कडं तुटतं.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकणं. हूं लगेच थांबतो, म्हणून गणपतीच्या मंडपात, ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर हा उद्योग सर्रास चालतो. ती पिन उगाच लांब आणि जाड नाही. प्लग खोचताना तिने सर्वांत आधी टेकावं म्हणून तशी केलेली आहे. अँपमध्ये फेज बॉडीला लागली आणि ही वाट नसली, तर वीज गिटारच्या तारांवर येऊन थांबते आणि गायकाचे ओठ माइकला टेकण्याची वाट बघते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात भर स्टेजवर माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. मंडपात दिवे एका फेजवर, साउंड दुसऱ्या, जनरेटर तिसरीकडे अशी जत्रा असते, तेव्हा वाजवण्याआधी वायरमनला मल्टिमीटरने गिटारच्या तारा आणि माइकची जाळी यांच्यातलं व्होल्टेज बघायला सांगा. घरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असेल, तर एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतायला विसरू नका. खड्डा वाळला की रोध वाढतो.

राहिला ‘स्सऽऽ’. याचा विजेच्या पुरवठ्याशी संबंध नाही. जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवलं की कोणत्याही रोधातले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेने वळवळत असतात आणि तेवढ्यानेही व्होल्टेज उमटतं. दहा हजार ओहमच्या रोधात, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, सुमारे दोन मायक्रोव्होल्ट. शंभर मिलिव्होल्टच्या सुरापुढे हे पन्नास हजार पट लहान, म्हणजे कुणाच्या लक्षातही येऊ नये. पण हेवी डिस्टॉर्शनला, म्हणजे सूर मुद्दाम फाडायचा असतो तेव्हा, आपण सगळंच हजारपट वाढवतो. सुराला वाढायला जागा नसते, तो कमाल मर्यादेवर आपटून सपाट होतो. स्सऽऽ मात्र पूर्ण हजारपट वाढतो आणि दोघांतलं अंतर मिटत जातं. त्यात साखळीतल्या पहिल्याच पेडलने भर घातली तर पुढची प्रत्येक पायरी तीच फुगवत नेते. पंचगंगा जिथे सुरू होते त्या प्रयाग चिखलीलाच गढूळ झालेलं पाणी पंचगंगा घाटावर निवळलेलं कसं मिळणार? म्हणून चांगलं, शांत पेडल साखळीत सर्वांत आधी हवं, आणि गेन (ही वाढ) कानाला हवा वाटतो त्याहून थोडा कमी. बँडमध्ये बाकीची वाद्यं सुरू झाली की तेवढा पुरतो.

एवढं सगळं केल्यावर उरेल ते गेटसाठी. गेट आवाज स्वच्छ करत नाही. सिग्नल ठरावीक पातळीखाली गेला की वाटच बंद करतो. सूर वाजत असतो तेव्हा गुणगुण त्याच्याबरोबर असतेच, फक्त झाकली जाते. पातळी अगदी गुणगुणीच्या वर, केसभर ठेवा. जास्त ठेवली तर लांबवलेला सूर शेवटी तुटल्यासारखा संपतो. आणि गेट डिस्टॉर्शनच्या नंतर पण पडसाद देणाऱ्या डिले-रिव्हर्बच्या आधी लावा, म्हणजे वाट बंद झाली तरी घुमणारं शेपूट पूर्ण ऐकू येतं.